कोयना १९६७: पाण्याचा वाटा किती?

कोयनेचा भूकंप धरणामुळे झाला का, या प्रश्नाला एखाद्या विद्यार्थ्याने नुसतं 'हो' लिहिलं तर मी अर्धे गुण देईन. 'नाही' लिहिलं तरी अर्धेच. उरलेले अर्धे गुण मिळवायचे असतील तर दोन हिशेब वेगळे मांडावे लागतात: भूकंपात बाहेर पडलेली ऊर्जा कुठून आली, आणि ती त्याच वर्षी, त्याच जागी का बाहेर पडली. पहिल्याचं उत्तर भूपट्टांच्या हालचालीत आहे. दुसऱ्याचं उत्तर शोधताना शिवाजीसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाणीपातळीची वही उघडावी लागते. साठ वर्षांच्या वादातला निम्मा गोंधळ हे दोन हिशेब एकाच पानावर मांडल्यामुळे झाला आहे, असं माझं मत.

घटना

११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र कोयना धरणाच्या जवळ, दक्षिणेकडे. माणसं झोपेत होती आणि भागातली बहुतेक घरं दगड-मातीची. मृतांचा आकडा १७७ ते २०० च्या दरम्यान दिला जातो. जखमी दीड हजारांहून जास्त. कोयनानगरातली बहुसंख्य घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. पोफळीचं वीजकेंद्र बंद पडलं आणि मुंबईची वीज गेली. दोणीचावाड्याच्या परिसरात जमिनीला भेगा पडल्या. त्या सलग एका रेषेत नव्हत्या. एक संपते तिथून थोडी बाजूला दुसरी सुरू होते, अशा तिरक्या ओळीत होत्या. खालचा प्रस्तरभंग (फॉल्ट, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासून सरकतात अशी भेग) आडवा सरकला की वर अशाच भेगा उमटतात. भूकंपलेखांवरूनही तेच निघालं: साधारण उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य दिशेच्या, जवळपास उभ्या पृष्ठावर दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासत आडवे सरकले होते. आपण भेगेच्या एका काठावर उभे असतो तर पलीकडचा काठ डावीकडे गेलेला दिसला असता.

हा भूकंप अचानक आला, असं म्हणता येत नाही. जलाशय १९६१–६२ मध्ये भरू लागला आणि त्यापाठोपाठ परिसरात लहान धक्के, गडगडाटासारखे आवाज सुरू झाले. ते इतके वाढले की १९६३ च्या सुमारास कोयना, सातारा, महाबळेश्वर आणि गोवळकोट इथे भूकंपमापक बसवले गेले. हे काम खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचं. १३ सप्टेंबर १९६७ ला ५ च्या वरचा एक धक्का बसला. तीन महिन्यांनी मोठा आला.

भूशास्त्रज्ञांना धक्का बसला तो वेगळ्याच कारणाने. तोपर्यंतच्या पुस्तकांत भारतीय द्वीपकल्प म्हणजे स्थिर, म्हातारं, निवांत ढालप्रदेश. भूकंप हिमालयात व्हायचे, इथे नाही. १९६६ पर्यंतच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशांत हा भाग कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९७० च्या सुधारित नकाशात कोयना थेट चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, विभागात गेली.

काळ्या कातळाखाली

प्रकरण समजायला आधी जमिनीचे थर पाहू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आजच्या रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्तबिंदूवरून सरकत असताना लाव्हाचे प्रचंड उद्रेक झाले. एखाद्या शंकूतून नव्हे, लांबलचक भेगांतून. थरावर थर साचत दख्खनचं पठार तयार झालं. सह्याद्रीच्या कड्यावर पायऱ्यापायऱ्यांसारखे दिसतात ते हेच लाव्हाप्रवाह. मधूनमधून दिसणारे लाल पट्टे म्हणजे दोन उद्रेकांच्या दरम्यानच्या काळाची खूण. तप्तबिंदू तिथेच राहिला, भूपट्ट उत्तरेला निघून गेला. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही जागा आहे, पण आपल्यापासून हजारो किलोमीटर दूर.

प्रत्येक मोठ्या धक्क्यानंतर 'कोयनेखाली ज्वालामुखी आहे' अशी वदंता पसरते, म्हणून हे इथेच मिटवलेलं बरं. वर बेसॉल्ट आहे याचा अर्थ खाली मॅग्मा आहे असा होत नाही. कोकणातले उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूरचे गरम पाण्याचे झरेही त्याचा पुरावा नाहीत. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, पृथ्वीच्या नेहमीच्या आंतरिक उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. त्याला लाव्हा लागत नाही. शिवाय कोयनेचे भूकंप बहुतांशी बेसॉल्टमध्ये होतच नाहीत. ते होतात त्याच्या खाली, अडीच अब्ज वर्षांहून जुन्या ग्रॅनाइट-नाइसच्या पायाखडकात, दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर.

हा पायाखडक ताणाखाली आहे. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने उत्तर-ईशान्येला सरकतो आणि युरेशियाला रेटतो. मागून हिंदी महासागराच्या मध्यरांगेचा रेटा, पुढे हिमालयाचा अडथळा. त्यामुळे सबंध द्वीपकल्प दाबात आहे. भूपट्टाच्या सीमेवर हा दाब वारंवार मोकळा होतो. आत, दीडएक हजार किलोमीटर दक्षिणेला, खडकाचं विरूपण इतकं संथ आहे की एकाच प्रस्तरभंगावर दोन मोठे भूकंप येण्यात हजारो वर्षंही जाऊ शकतात. याचा अर्थ अशा जागी जुने, विसरलेले प्रस्तरभंग तुटण्याच्या अगदी काठावर येऊन थांबलेले असू शकतात, आणि माणसाच्या इतिहासात त्याची एकही नोंद नसेल. ऊर्जा इथली आहे. पाण्याने ती निर्माण केलेली नाही. तेवढी पाण्याची ऐपतच नाही.

पाण्याचं वजन आणि पाण्याचा दाब

आता आकडे घेऊ. कोयना धरण १०३ मीटर उंच, जलाशयाची साठवण त्या वेळी सुमारे २८० कोटी घनमीटर. म्हणजे २८० कोटी टन पाणी. आकडा ऐकून कोणालाही वाटेल की एवढ्या ओझ्याने जमीन खचणारच. पण ओझं नव्हे, दाब मोजा. १०० मीटर खोल पाण्याचा तळावरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलो. सात किलोमीटर खोलीवर वरच्या खडकांचाच दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १,९०० किलो. पाण्याने घातलेली भर अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तीही जलाशयाच्या बरोबर खाली. खोल जाताना आणि बाजूला सरकताना ती आणखी विरते.

दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात. कोयनेचा प्रस्तरभंग आडव्या सरकीचा आहे. अशा ठिकाणी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी दाब दोन्ही आडव्या दिशेत असतात. उभा दाब मधला. सरक ठरते ती जास्तीत जास्त आणि कमीत कमी यांच्यातल्या फरकाने. म्हणून वरून वजन वाढवलं तरी अशा प्रस्तरभंगावर त्याचा थेट परिणाम फारसा होत नाही. नुसत्या ओझ्याचा सिद्धांत इथे लंगडा पडतो.

मग उरतो छिद्रदाब. खडकातल्या भेगा पाण्याने भरलेल्या असतात. प्रस्तरभंगाच्या दोन बाजू एकमेकींवर दाबलेल्या असतात म्हणून घर्षण टिकतं. आतल्या पाण्याचा दाब वाढला की तो या दोन बाजूंना दूर लोटू पाहतो. परिणामी प्रत्यक्ष टिकून राहणारा दाब म्हणजे खडकाचा दाब वजा पाण्याचा दाब. घर्षण याच वजाबाकीवर अवलंबून असतं. आडवा रेटा तेवढाच राहिला आणि ही वजाबाकी थोडी घटली, तरी काठावरचा प्रस्तरभंग सरकतो. भरल्या गाड्याला सूप जड नसतं म्हणतात. इथे गाडा इतका भरलेला होता की सूपच जड झालं.

ही कल्पना कोयनेसाठी मुद्दाम शोधलेली नाही. अमेरिकेत डेन्व्हरजवळ रॉकी माउंटन आर्सेनलमध्ये १९६२ पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सांडपाणी दाबाने सोडलं जात होतं आणि भूकंपांची मालिका सुरू झाली. फेब्रुवारी १९६६ मध्ये पंप बंद केले. त्यानंतर, १९६७ मध्ये, तिथले सर्वांत मोठे, ५ च्या आसपासचे धक्के बसले. पुढे कोलोरॅडोतल्याच रेंजली तेलक्षेत्रात संशोधकांनी पाण्याचा दाब मुद्दाम वाढवून-घटवून धक्के सुरू आणि बंद करून दाखवले.

डेन्व्हरचं उशिराचं उत्तर महत्त्वाचं आहे, कारण दाब खडकात झिरपायला वेळ घेतो. इथे विद्यार्थी हमखास चुकतात: जलाशयातलं पाणी स्वतः सात किलोमीटर खाली जाऊन पोचावं लागत नाही. दाबाची वाढ भेगांतल्या आधीच असलेल्या पाण्यातून पुढे ढकलली जाते. लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भेगाळ खडकाची जलीय प्रसरणक्षमता, म्हणजे त्यातून पाण्याचा दाब किती झटपट पसरतो त्याचं माप, सेकंदाला एक चौरस मीटर धरली, तर एक किलोमीटरला दहा-बारा दिवस, पाच किलोमीटरला नऊ-दहा महिने. प्रसरणक्षमता दसपट जास्त धरली तर पाच किलोमीटरला महिनाच. खडकानुसार हा आकडा खूप बदलतो, म्हणून असा हिशेब भूकंपाची तारीख देत नाही. फक्त उशीर आठवड्यांत अपेक्षित आहे की वर्षांत, एवढं सांगतो. कोयनेत दिसणारा उशीर नेमका याच पट्ट्यात बसतो.

पातळीची वही

कोयनेच्या पाणलोटात वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. जूनमध्ये तळाला गेलेला जलाशय ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत काठोकाठ भरतो, मग वीज आणि सिंचनासाठी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उतरत जातो. निसर्गाने नकळत दिलेला हा प्रयोग आहे: दरवर्षी तोच प्रस्तरभंग, दरवर्षी भार चढवणं-उतरवणं. धक्क्यांच्या संख्येत दरवर्षी दोन उंचवटे दिसतात; एक जलाशय भरल्यानंतरच्या महिन्यांत, दुसरा पातळी उतरत असताना.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आणि हरि नारायण यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या नोंदी जगातल्या इतर जलाशयांशी ताडून पाहिल्या. चीनमधलं शिनफेंगजियांग (१९६२), झांबिया-झिंबाब्वे सीमेवरचं करिबा (१९६३), ग्रीसमधलं क्रेमास्टा (१९६६): या तिन्ही ठिकाणी जलाशय भरल्यानंतर ६ च्या वरचे भूकंप झाले होते. त्यांना सारखेपणा आढळला. मुख्य धक्क्याआधी लहान धक्क्यांची लांबलचक मालिका, त्यात मोठ्यांच्या तुलनेत लहानांचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त, मुख्य धक्क्यानंतर सर्वांत मोठा पश्चात धक्का तीव्रतेने मुख्य धक्क्याच्या बराच जवळचा, आणि पश्चात धक्के सावकाश ओसरणारे. गुप्तांनी पुढे पाण्याचे तीन घटक मांडले: पातळी किती वेगाने चढते, किती उंच जाते, आणि उंच पातळी किती काळ टिकते. १९६७ मध्ये जलाशय उंच भरला आणि ती पातळी आधीच्या वर्षांपेक्षा जास्त काळ टिकली. ऑक्टोबर १९७३ मध्ये ५.२ चा धक्का बसला, त्याआधी पाणी आठवड्याला १२ मीटरहून जास्त वेगाने चढलं होतं. भूभौतिकतज्ज्ञ प्रदीप तलवानी यांनी आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं: आधीची कमाल पातळी ओलांडली गेली की ५ च्या वरचे धक्के येण्याचा संभव वाढतो. जणू खडकाला पूर्वी सोसलेल्या दाबाची सवय होते.

आता फिर्यादीची उलटतपासणी. हे निकष आवश्यक असतील, पुरेसे नाहीत; पातळी वेगाने चढली आणि ५ चा धक्का आला नाही अशीही वर्षं आहेत. त्याहून मोठी उणीव म्हणजे १९६१ च्या आधीच्या नोंदी. तेव्हा जवळची उपकरणं मुंबई-पुण्यात, आणि पाटणच्या डोंगरातले बारीक धक्के टिपण्याइतकी ती जवळ नव्हती. 'आधी काहीच नव्हतं' हे विधान 'आधी कोणी मोजलं नाही' यापासून पूर्णपणे वेगळं करता येत नाही. तिसरा आक्षेप: देशात शेकडो मोठी धरणं आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांखाली काहीच झालं नाही. मला हा आक्षेप दिसतो तेवढा भारी वाटत नाही. काठावर आलेला प्रस्तरभंग, त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या भेगा आणि मोठा वार्षिक चढ-उतार, तिन्ही एकत्र यावे लागतात. ते क्वचितच येतात. ठाणे जिल्ह्यात भातसा जलाशयाच्या परिसरात १९८३ मध्ये धक्क्यांचा सपाटा लागला, सर्वांत मोठा ४.९ चा, मग तो ओसरला. पण दुसरा, आधीच्या नोंदींचा आक्षेप खरोखर अवघड होता, आणि तो हलका झाला कोयनेत नव्हे, शेजारच्या खोऱ्यात.

वारणेची साक्ष

कोयनेच्या दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवर वारणा नदीवर चांदोलीचं धरण आहे. त्याचा जलाशय १९८५ पासून भरू लागला. या वेळी उपकरणं आधीपासून बसलेली होती, म्हणजे कोयनेत नसलेला 'आधीचा' काळ इथे उपलब्ध होता. तोवर धक्के प्रामुख्याने कोयना धरणाच्या बाजूला होत. जलाशय भरत गेला तसे ते दक्षिणेकडे, वारणेच्या दिशेने सरकू लागले. १९९३ च्या पावसाळ्यात वारणेचा जलाशय पूर्वीपेक्षा बराच उंच आणि झपाट्याने भरला. ८ डिसेंबर १९९३ आणि १ फेब्रुवारी १९९४ ला तिथे ५ किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे दोन धक्के बसले.

हा योगायोग असू शकेल का? एका जलाशयाबाबत म्हणता आलं असतं. दुसरा जलाशय भरल्यावर धक्क्यांनी जागा बदलावी, आणि त्याची पातळी वाढली त्याच मोसमानंतर मोठे धक्के यावेत, याला योगायोग म्हणायला धाडस लागतं. सबंध प्रकरणात मला सर्वांत वजनदार पुरावा हाच वाटतो.

याच १९९३ मध्ये ३० सप्टेंबरला किल्लारीला ६.२ चा भूकंप झाला आणि कोयनेपेक्षा कितीतरी पट माणसं गेली. तिथेही जवळ निम्न तेरणा जलाशय होता, म्हणून अनेकांनी कोयनेचं उत्तर तिथे उचलून चिकटवलं. पण किल्लारीची सरक चढती होती: एक बाजू दुसरीवर रेटली गेली. अशा प्रस्तरभंगात उभा दाब सर्वांत कमी असतो, त्यामुळे वरून घातलेलं वजन सरक रोखायला मदतच करतं. दरवर्षीच्या पातळीशी चालणारी, दशकानुदशकांची मालिकाही तिथे नाही. ताण एकच, तोच हिमालयाकडून येणारा; प्रकरणं दोन वेगळी.

धरणाचं काय झालं

धरणाच्या आतल्या मार्गिकेत (गॅलरीत) त्वरणमापक, म्हणजे हादऱ्याचा जोर नोंदवणारं उपकरण, बसवलेला होता आणि तो चालू होता, हे आपलं नशीब. त्याने गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट कंप धरणाच्या लांबीच्या दिशेने आणि ०.४९ पट नदीच्या दिशेने नोंदवला. धरणाच्या संकल्पनात भूकंपासाठी धरलेला गुणांक होता ०.०५. ही तुलना शीर्षकात छान दिसते, पण थोडी फसवी आहे: संकल्पनातला गुणांक सतत लावलेल्या स्थिर बलाचा, तर नोंदीतला आकडा क्षणभराच्या शिखराचा. तरीही अंतर मोठं होतं, आणि त्याची खूण धरणावर उमटली. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या, पाणी न वाहणाऱ्या उंच भागांत आडवे तडे गेले. ते पायाशी नाहीत. पायापासून ६६ मीटरच्या आसपास, जिथे खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, तिथे. आकाराच्या त्या मोडीत ताण एकवटला. सांडव्याचा भाग, ज्याच्या आकारात तशी मोड नव्हती, जवळपास शाबूत राहिला. धरण फुटलं नाही. नंतर पोलादी केबलींनी ताणून आणि मागून आधारभिंती घालून ते बळकट केलं गेलं; सांडव्याचंही बळकटीकरण २००० नंतरच्या दशकात झालं. काँक्रीट धरणांच्या गणिती प्रतिकृती तपासायला आजही जगभर हीच नोंद वापरतात.

गोठणे

१९६७ नंतर या सुमारे २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात ५ च्या वरचे वीसहून जास्त धक्के झाले आहेत; २००० आणि २००५ मधले त्यात येतात. पट्टा लहान, धक्के उथळ, जवळपास दुसरा भूकंपस्रोत नाही. प्रस्तरभंगात थेट छिद्र पाडून आत काय चाललंय ते पाहायला याहून सोयीची जागा मिळणं कठीण. म्हणून केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने इथे वैज्ञानिक वेधनाचा कार्यक्रम घेतला आणि कराडला त्यासाठी प्रयोगशाळा उभारली.

आधी नऊ ठिकाणी दीड किलोमीटरच्या आसपासची छिद्रं घेतली. रासाटीला बेसॉल्ट सुमारे ९३३ मीटरवर संपला. गोठण्याला ३ किलोमीटरचं पथदर्शी छिद्र जून २०१७ मध्ये पूर्ण झालं. तिथे बेसॉल्टची जाडी १,२४७ मीटर निघाली. जिथे डोंगर उंच तिथे बेसॉल्ट जाड, आणि त्याचा तळ मात्र जवळपास एकाच पातळीत. बेसॉल्ट आणि पायाखडक यांच्यामध्ये गाळाचे खडक नाहीत. बेसॉल्टखाली गाळाने भरलेली जुनी खचदरी असावी, असा एक अंदाज पूर्वी होता. या छिद्रांच्या ठिकाणी तरी तो टिकला नाही. लाव्हा थेट प्राचीन नाइसच्या झिजून सपाट झालेल्या पृष्ठावर पसरला होता.

म्हणजे वरच्या पाण्याला खाली पोचायचं तर आधी बेसॉल्टचे किलोमीटरभर थर आणि मग घट्ट नाइस. अखंड नाइसमधून दाब इतक्या लवकर पसरणार नाही. तो पसरतो तर भेगाळ, चुरडलेल्या पट्ट्यांतून, आणि असे पट्टे छिद्रांतून काढलेल्या नमुन्यांत दिसलेही आहेत. पण छिद्रदाबाची जी वाढ आपण या लेखात एवढ्या विश्वासाने वापरली, ती पातळीच्या नोंदी, धक्क्यांच्या वेळा आणि प्रसरणाच्या गणितावरून काढलेली आहे. ती थेट मोजायची तर धक्के जिथे होतात त्या खोलीवर, प्रस्तरभंगातच, मापक ठेवून निदान एक संपूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा उतार टिपावा लागेल. गोठण्याचं छिद्र ३ किलोमीटरचं आहे, आणि धक्क्यांचा मोठा भाग त्याच्याही खाली होतो.